ज्वालामुखी आणि कढीपत्ता

कोपरला राहणाऱ्या माणसाने ज्वालामुखीवर लिहू नये, असा काही नियम नाही. उलट तो अधिकार आमचाच. आमच्याकडून मुंबईला जाताना लागणारा मुंब्र्याचा डोंगर, १९१६ साली ज्यातून आगगाडीचा बोगदा काढला तो पारसिक, तिकडे मलंगगड, सगळा थिजलेला लाव्हा! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या, तप्त रस वाहिला आणि चिरोट्यासारखे थरावर थर बसले.

मग तो ज्वालामुखी गेला कुठे? अहो, तो कुठेच गेला नाही. गेलो आपण! भूशास्त्रज्ञ सांगतात, खालची भट्टी जागच्या जागी राहिली आणि भारताची जमीन उत्तरेला सरकली. म्हणजे स्टेशन तिथेच, गाडी पुढे. आज ती भट्टी हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली धगधगते आहे.

आणि तिथली माणसे खुशाल बागा करतात! व्हॅनिलाचे फूल हाताने फळवायची सोपी युक्ती १८४१ साली याच बेटावर एडमंड अल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली; जग अजून तीच वापरते. १९७७ साली लाव्हा सेंत-रोजच्या वस्तीत उतरला, घरे गिळली, चर्चच्या दारातून जरा आत डोकावला आणि थांबला. चर्च अजून उभे आहे.

आमची बाग इमारतीमागे, भिंत आणि कुंपण यांच्या मधली. बारा फूट बाय चार. केळ, अळू, गवती चहा आणि कढीपत्ता. खाली भरणीचा मुरूम, म्हणजे तोच लाव्हा, झिजून भुगा झालेला. वरची माती मात्र नर्सरीतून पिशवीने येते. "ज्वालामुखीच्या गावात माती विकत आणणारे तुम्हीच!" असे सौ. म्हणते. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

आता आमच्याकडेही लाव्हा निघाला आहे. त्याचे नाव पुनर्विकास. स्लॅब गळतात, तेव्हा सही मीही केली. पण नकाशात केळीच्या जागी 'पार्किंग' लिहिले आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी चष्मा लावून नकाशा पाहिला आणि विचारले, "मग फोडणीला काय घालायचं?"

सगळे हसले. मला हसू आले नाही. आजोबा गेल्यापासून आजी जिना उतरतात त्या रोजच्या चार पानांसाठी. येताना तासभर बोलतात, केळीशी, माझ्याशी, जो सापडेल त्याच्याशी.

"आजी, नव्या इमारतीत लिफ्ट असणार," सेक्रेटरींनी धीर दिला.

"असेल हो. पण खाली यायचं कशाला?"

याला मुद्दा क्रमांक नव्हता, त्यामुळे इतिवृत्तात नोंद झाली नाही.

कढीपत्त्याला मुळांतून फुटवे येतात. सध्या ते मी रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावतो आहे. सात डबे झाले. नव्या इमारतीत ते कुठे ठेवायचे, हे नकाशात नाही. पण नकाशात नसलेली जागा शोधण्यात आम्ही लोकलवाले तरबेज आहोत. चौथी सीट आम्हीच शोधली.