संहितेबाहेरची आठवण

साहित्यकृती कशी वाचावी हे आम्ही अनेक वर्षे वर्गात शिकवत आलो; परंतु त्या शिकवण्यातली चूक आमच्या पदरात घातली ती अमेरिकेतील वाइनविक्रीच्या एका खटल्याने.

काही वर्षांपूर्वी आम्ही मिशिगनमध्ये भाच्याकडे मुक्कामाला होतो. एका दुपारी कॅलिफोर्नियातील वायनरीकडून थेट घरी खोके आले. कुरियरवाल्याने आमच्या पांढऱ्या केसांकडे पाहिले आणि तरीही वयाची २१ वर्षे पूर्ण झाल्याचा पुरावा मागितला! पासपोर्ट दाखवून, सही करून आम्ही खोके आत घेतले. संध्याकाळी भाचा हसून म्हणाला, "मामा, २००५ च्या आधी हे खोकं इथवर आलंच नसतं." कुतूहलापोटी आम्ही 'ग्रॅनहोम विरुद्ध हील्ड' या खटल्याचे निकालपत्र वाचायला घेतले.

१९३३ साली एकविसाव्या घटनादुरुस्तीने अमेरिकेतील दारूबंदी उठली; मात्र तिच्याच दुसऱ्या कलमाने, एखाद्या राज्याचे कायदे मोडून तेथे मद्य आणण्यास मनाई केली. या आधारावर उत्पादक, ठोक व्यापारी, किरकोळ दुकानदार अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था उभी राहिली. पुढे मिशिगन आणि न्यूयॉर्क यांनी आपापल्या वायनरींना या पायऱ्या ओलांडून ग्राहकाच्या दारी माल पाठवण्याची मुभा दिली. परराज्यातल्या वायनरींना मिशिगनने ती नाकारली. न्यूयॉर्कने राज्यात शाखा काढण्याची अट घातली. व्हर्जिनियातील वानिटा स्वीडनबर्ग यांच्यासारख्या छोट्या वायनरीच्या मालकिणीला हा खर्च झेपणारा नव्हता. १६ मे २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला : थेट विक्रीला परवानगी द्यायची तर आतल्या-बाहेरच्यांना सारखीच द्या, नाहीतर कोणालाच देऊ नका.

आम्हाला गुंतवून ठेवले ते एकाच कलमाच्या तीन वाचनांनी. बहुमताचे निकालपत्र लिहिणाऱ्या न्या. केनेडी यांनी १८९० आणि १९१३ च्या कायद्यांच्या इतिहासातून त्याचा अर्थ लावला. न्या. थॉमस यांना शब्दच पुरेसे स्पष्ट वाटले. न्या. स्टीव्हन्स यांनी मात्र आपल्या भिन्नमतात चक्क स्वतःच्या स्मरणाचा आधार घेतला. त्यांचा जन्म शिकागोचा, एप्रिल १९२० मधला, म्हणजे दारूबंदी लागू झाल्यानंतर तीनच महिन्यांनी. निकालाच्या वेळी ते ८५ वर्षांचे होते. आजच्या पिढीला मद्य ही इतर मालासारखी वस्तू वाटते; ज्यांनी ही दुरुस्ती घडवली त्यांना ती तशी वाटत नव्हती, असे त्यांचे म्हणणे.

ते वाचताना आम्हाला एक जुनी उत्तरपत्रिका आठवली. दुष्काळावरील एका कवितेचे रसग्रहण करताना एका विद्यार्थिनीने १९७२ च्या दुष्काळाची, आजीने सांगितलेली हकिकत लिहिली होती. खडी फोडायला गेलेली आजी, दिवसाकाठी मिळणारी मजुरी, पाण्याची रांग. आम्ही समासात लाल शाईने 'संहितेबाहेरचे' असा शेरा मारला आणि गुण कापले. ती काही बोलली नाही. पुढच्या उत्तरपत्रिकांत मात्र आजी पुन्हा कधी आली नाही.

स्टीव्हन्स यांचा निष्कर्ष आम्हाला आजही पटत नाही. दारूविषयीचा नैतिक धाक खरा असेल. पण घरच्या वायनरीला मुभा आणि परक्या वायनरीला मनाई यात नीती कोठे आली? तो निव्वळ पक्षपात. म्हणजे ज्याला आठवते त्याचेच बरोबर, असेही नाही. तरीही त्या आठवणीवाचून ते कलम आम्हाला निम्मेच कळले असते.

ती उत्तरपत्रिका केव्हाच रद्दीत गेली. आता कोणी 'आजी सांगते' असे लिहिले, की आमची लाल शाई थबकते. समासात आम्ही एवढेच विचारतो : "हे कवितेतल्या कोणत्या शब्दाला जाऊन भिडते?"