अर्जदाराचे मनोगत

अमरावती, सप्टेंबर २०२४

प्रवासखर्चाचा अर्ज लिहिताना माणसाला स्वतःची किंमत परक्याने आखलेल्या रकान्यात मांडावी लागते, ही गोष्ट आजवर मला इतकी कधी बोचली नव्हती. नोव्हेंबरात बँकॉक येथे इथेरियम या ब्लॉकचेनची डेव्हकॉन परिषद भरावयाची आहे आणि तिला लागूनच होणाऱ्या हॅकेथॉनमध्ये नवोदित प्रोग्रामरांना मार्गदर्शन करावे, अशी माझी इच्छा आहे. परंतु या कामास वेतन नाही आणि बडनेरा-अकोला करीत रेल्वेने मुंबई गाठून पुढे विमानाने जाणे माझ्या ऐपतीबाहेरचे, सबब हा अर्ज.

'आपला उपयोग काय?' या रकान्यापाशी बराच वेळ अडलो. अखेर लिहिले की, २०१६ साली इथेरियमवरील 'द डाओ' नामक संगणकीय करारातून सुमारे ३६ लाख इथर (इथेरियमचे चलन) काढून घेतले गेले, ते खात्यातील शिल्लक वजा होण्यापूर्वीच रक्कम अदा करण्याच्या दोषामुळे. जुन्या खजिन्यातला शहाणा कारकून आधी खतावणीत नोंद करी आणि मगच पैशाला हात लावी, ती शिस्त रात्री दोन वाजता पेंगुळलेल्या पोरांच्या गळी उतरवणे, एवढेच माझे काम.

याचनेचा संकोच वाटला खरा. पण बाबासाहेबांचे न्यूयॉर्कचे शिक्षण सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर झाले, आणि याच अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकप्रसंगी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवून आले. तेव्हा अर्ज रवाना केला. भोजनखर्चाचा आकडा मात्र मुद्दाम कमी घातला. वऱ्हाडी माणसाच्या सोबत परमुलखातही ठेच्याची बरणी असतेच.