सब्र आणि सुन्नपणा

मय्यतीच्या घरात जी बाई रडत नाही, तिच्या सब्रची आपल्याकडे तारीफ होते. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीनंतर अशा कोरड्या डोळ्यांच्या बाया आम्ही पाहिल्या. ‘सगळं काचेपलीकडं घडतंय, हे हात माझे नाहीतच,’ असं त्या सांगत. मन असं तुटून वेगळं होण्याला मानसशास्त्र डिसोसिएशन म्हणतं. फ्रान्सच्या पिएर जाने यांनी १८८९ मध्येच त्याची मांडणी केली. असह्य आघातात मन हा आडोसा घेतं. पण तिथंच मुक्कामाला राहिलं, तर उपचार हवेत. सब्र करणाऱ्याला दुःख जाणवतं, तो ते पेलतो; तुटलेल्या मनाला ते जाणवतच नाही. पुत्र इब्राहीम यांच्या मृत्यूवेळी पैगंबरसाहेबांचेही डोळे पाणावले होते. तेव्हा रडणारीला आपण गप्प करू नये, आणि महिनोन्‌महिने सुन्न बसलेलीला डॉक्टरांकडे नेण्यात कमीपणा मानू नये.