आठाचं शून्य

नरडाणा मुंबई-आग्रा महामार्गावरचं आणि सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं गाव, शेजारी एमआयडीसी. अशा गावात दिवसभर आकडे पेटलेले असतात, भुईकाट्यावर, किराणा दुकानात, खेडा खरेदीला आलेल्या कापूस व्यापाऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर. काट्यानं दाखवलं ते खरं, असं धरूनच पैसे हातोहात फिरतात. हा भरवसा नेमका कुठवर ठेवायचा, हे कळायचं असेल तर धुळ्या-शिरपूरकडे इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या प्रत्येक पोरानं एकदा तरी ब्रेडबोर्डवर स्वतः आकडा पेटवून पाहावा, आणि तोही जुन्या 7447 चिपवर, असं माझं म्हणणं आहे.

सामान फार लागत नाही. 5 व्होल्टचा पुरवठा, कॉमन अॅनोडचा सात पट्ट्यांचा एक डिस्प्ले, चिप आणि सात रेझिस्टर. चिप बोर्डाच्या मधल्या खाचेवर बसवायची, आठ पाय इकडे, आठ तिकडे. 330 ओहमचा रेझिस्टर प्रत्येक पट्टीला वेगळा हवा. आळस करून सामाईक पायावर एकच लावला, तर दोन पट्ट्यांचा 1 झगझगतो आणि सात पट्ट्यांचा 8 मलूल होतो. पण पाहण्यासारखं पुढेच आहे. 8 पेटवा आणि मधल्या पट्टीची वायर उपसा: समोर निखळ 0. 7 लावून वरची पट्टी तोडा: 1. कुठं काही बिनसलंय याचा मागमूस नाही. उलट डावीकडची खालची पट्टी गेली, तर 8 चा शेपटीवाला 9 होतो. आणि 7447 स्वतःचा 9 बिनशेपटीचा काढते, त्यामुळे जाणत्या नजरेला कळतं की हा लुळा पडलेला आठ आहे. म्हणजे एक बिघाड बोंब मारतो आणि दुसरा साळसूदपणे खोटं बोलतो, फरक फक्त कोणती पट्टी गेली एवढाच.

कोणी म्हणेल, बाजारात चार आकड्यांचं तयार मॉड्यूल मिळतं, सिग्नलच्या दोनच तारा, मग हा खटाटोप कशाला? वस्तू बनवायची असेल तर तेच घ्यावं. पण त्यात एखादी पट्टी तोडून बघायची सोय नाही, आणि इथं शिकायचं आहे ते तेवढंच. याहून वजनदार आक्षेप असा, की भुईकाट्याची पावती संगणक छापतो. दिवा गेला म्हणून छापील वजन बदलत नाही. कबूल. पण जिथं काचेत बघून वजन वहीत हातानं लिहिलं जातं, तिथं काय? कापसाच्या गाठोड्याचे 48 किलो 40 दिसले, तर आठ किलो कापूस जागच्या जागी गेला, आणि व्यापारी बिचारा प्रामाणिक. राहता राहिलं हे, की काटा चालू होताना सगळे आकडे फिरवून दाखवतोच. दाखवतो, आणि त्याचसाठी दाखवतो. त्या वेळी तिकडे बघतो कोण? 7447 चा तिसरा पाय याच कामाचा आहे. तो ग्राउंडला जोडला की आत कुठलाही आकडा असो, सातही पट्ट्या पेटतात. पुष्कळ जण मात्र तो कायमचा 5 व्होल्टला बांधून मोकळे होतात. अर्थात, यानं दिवे आणि तारा तपासल्या जातात, मोजणी नाही. मोजणीसाठी प्रमाणित वजनं आणि वैधमापनशास्त्र विभागाचा वर्षाचा शिक्का लागतो, आणि शिक्क्याच्या दुसऱ्या दिवशीही एखादी पट्टी विझू शकते. तेव्हा बोर्डावर तिसऱ्या पायाला एक पुश बटण लावावं. आणि गाठोडं ठेवण्याआधी व्यापाऱ्याला म्हणावं, ‘भाऊ, काटा एकदा बंद करून चालू करा.’ त्यात त्याचा अपमान कसला?