व्हॉल्व्ह तापेपर्यंत

आज साठी-सत्तरीत असलेल्या आपल्या पिढीला रेडिओ आठवतो तो उंचावरच. मुलांचे हात पोचू नयेत म्हणून मुद्दाम ठोकलेली फळी, तिच्यावर तो लाकडी खोका आणि खोक्यावर आईने किंवा आत्याने विणलेला क्रोशाचा रुमाल. बटण फिरवलं की काचेमागचा दिवा लगेच लागायचा, आवाज मात्र यायचा नाही. ‘तापू दे जरा,’ असं घरातलं कुणीतरी म्हणायचंच. आतल्या व्हॉल्व्हची तार लालसर व्हायची, मग गुरगुर, मग खरखर आणि मग एकदम बातम्या. ज्यांच्या सेटला ‘मॅजिक आय’ असायचा त्यांचा थाट निराळा. स्टेशन नेमकं लागलं की त्या हिरव्या डोळ्याची फट मिटत जायची, आणि तेवढं बघायला शेजारची मुलं यायची.

मर्फी, फिलिप्स, बुश, नॅशनल एको ही नावं आपल्याला शाळेतल्या धड्यांइतकी पाठ होती. मर्फीचा कारखाना तर ठाण्यालाच होता, आणि जाहिरातीतलं ते गुटगुटीत बाळ कॅलेंडरच्या रूपाने कितीतरी स्वयंपाकघरांत पोचलं होतं. पण सेटची किंमत ऐकून पुष्कळ वडील दुकानाच्या पायरीवरूनच मागे फिरले. मग हप्त्याने घ्यायचा, बदलीवर निघालेल्या साहेबांचा जुना उचलायचा, नाहीतर गल्लीतल्या रेडिओवाल्याकडून ‘असेम्बल’ करून घ्यायचा. खोका सुताराकडचा, ट्रान्सफॉर्मर मुंबईत लॅमिंग्टन रोडचा किंवा पुण्यात बुधवारातल्या तपकीर गल्लीतला, आणि व्हॉल्व्ह जिथे मिळतील तिथले. वर दरवर्षी पोस्टात जाऊन लायसनची फी भरायची आणि पुस्तिकेवर शिक्का घ्यायचा. चांगला आवाज ही चैन होती. घरखर्चाच्या वहीत ती वाणसामानाच्या खाली कुठेतरी बसवावी लागे.

बसवलीही जायची, कारण ऐकायला तसंच होतं. १ एप्रिल १९५५ला रामनवमीच्या दिवशी पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. गदिमांची छप्पन्न गीतं, सुधीर फडक्यांच्या चाली. वर्षभर घराघरांतली कामं त्या वेळेपुरती थांबली, असं आपल्याआधीची पिढी अजून सांगते. आपल्या वाट्याला विविध भारती आली, ‘आपली आवड’ आली, ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावजी आले. बुधवारी रात्री आठला शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन धरायचं आणि अमीन सायानींचा आवाज लाटांवर वर-खाली होत असताना बिनाका गीतमालेतल्या गाण्यांचे नंबर वहीत उतरवायचे. व्हरांड्यातली जाळीची एरियल कुणी हलवायची, यावरून भावंडांत भांडणं ठरलेली.

रेडिओ बिघडला की दुरुस्तीवाले काका मागचा पुठ्ठा काढायचे, आणि आपण श्वास रोखून आत डोकवायचो. आत रांगेने काचेच्या बाटल्या आणि त्यांच्यावर पुसट अक्षरं: ईसीएच ८१, ईएफ ८९, ईएल ८४. पहिला ‘ई’ म्हणजे आतल्या हीटरला ६.३ व्होल्ट, हे पुढे कळलं. नावाची सुरुवात ‘यू’ने झाली तर काकांचा हात सावध व्हायचा. त्या एसी-डीसी सेटांना मेन ट्रान्सफॉर्मरच नसे, त्यामुळे पत्र्याच्या चॅसीवर थेट लाइनची वीज येऊ शकायची. आज माळ्यावर असा सेट सापडला आणि त्याला हेडफोनची पिन जोडायचा मोह झाला, तर तो जरूर आवरा.

हेडफोनशी आपली ओळखही त्याच काळातली. क्रिस्टल सेट करून पाहणारी मुलं प्रत्येक शाळेत असायची. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तांब्याची तार, एक डायोड, आणि लष्करी भंगारातून आलेला जड काळा हेडफोन. सेल नाही, वीज नाही, तरी कानात मुंबई केंद्र बोलायचं. त्या हेडफोनचा रोध दोन-चार हजार ओहम असायचा, म्हणून एवढ्याशा सिग्नलवर तो चाले. कमी ओहमचा लावला की सेट मुका व्हायचा. इतकं ज्ञान तेव्हा आपल्याला फुकट मिळालं होतं.

पुढे ट्रान्झिस्टर आला, रेडिओ फळीवरून उतरून खांद्याला लटकला, आणि व्हॉल्व्ह जुन्या बाजारात गेले. आता निवृत्तीनंतर हातात वेळ आहे, मुलांनी वाढदिवसाला दिलेला चांगला हेडफोन आहे, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना पुन्हा तोच आवाज हवासा वाटतो. मग परवडेल असा व्हॉल्व्हचा हेडफोन ॲम्प्लिफायर शोधणं सुरू होतं.

इथे क्रिस्टल सेटचा धडा जसाच्या तसा लागू पडतो. व्हॉल्व्हला व्होल्टेज वाढवता येतं, करंट देताना तो कंजुषी करतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर न घालता केलेला, ओटीएल पद्धतीचा ॲम्प्लिफायर म्हणूनच तीनशे ओहमच्या हेडफोनवर खुलतो. डार्कव्हॉइस ३३६ एसई किंवा बॉटलहेडचं ‘क्रॅक’ हे जुळवणीचं किट या जातीतलं, आणि सेन्हायझर एचडी ६०० हा त्यांचा ठरलेला जोडीदार. तोच ॲम्प्लिफायर बत्तीस ओहमच्या हेडफोनला लावला तर खर्ज ढिला पडतो आणि आवाज गढूळ होतो. कमी ओहमसाठी हायब्रिड बरा: पुढे व्हॉल्व्ह, मागे ट्रान्झिस्टर. पाच ते दहा हजारांच्या घरात जे मिळतं ते बहुतेक याच प्रकारचं असतं.

त्या स्वस्त यंत्रांत एक चलाखीही चालते. काचेखाली नारिंगी एलईडी बसवून व्हॉल्व्ह रसरसलेला दाखवतात. खऱ्या हीटरचा उजेड त्याहून पुष्कळ मंद असतो. शंभर-दोनशे व्होल्टवर मोकळं काम करणाऱ्या व्हॉल्व्हला पंचवीस-तीस व्होल्टवर राबवलं की तो बराचसा शोभेपुरता उरतो. बदली व्हॉल्व्ह मिळण्याची काळजी मात्र नको. रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन इथे ते अजून बनतात, शिवाय सोव्हिएत काळातले जुने साठे बाजारात आहेत.

ज्याला आपण ‘गोड’ आवाज म्हणतो त्यामागे एक सरळ कारण आहे. साध्या रचनेतला व्हॉल्व्ह मूळ सुरात थोडी भर घालतो, ती मुख्यतः दुप्पट कंपनांची, म्हणजे त्याच सुराच्या वरच्या सप्तकातल्या जोडाची. षड्जावर तार षड्जाची पुसट सावली पडावी तशी, म्हणून ती कानाला खुपत नाही. पण फळीवरच्या रेडिओच्या आवाजात व्हॉल्व्हचा वाटा थोडाच होता. कागदी कोनचा मोठा स्पीकर होता, लाकडी खोक्याचा घुमारा होता, आणि मीडियमवेव्हवर वरचे तीव्र स्वर पोचतच नसत. शिवाय तो आवाज स्वयंपाकघरापासून ओसरीपर्यंत सगळ्यांचा होता. लताबाईंचं गाणं लागलं की आजोबा पेपर खाली ठेवायचे आणि ओट्यापाशी भांडी हळू वाजायची. एवढं सगळं हेडफोनच्या डबीत मावणार नाही, हे मान्य करूनच खरेदीला निघावं.

तरीही घ्यावासा वाटला तर आपल्या वडिलांचाच हिशेब वापरा. आधी चांगला हेडफोन घ्या, कारण आवाजातला सगळ्यात मोठा फरक तोच पाडतो. मग त्याचे ओहम बघून ॲम्प्लिफायर ठरवा, आणि जमलं तर आपलाच हेडफोन आणि आपलीच गाणी नेऊन दुकानात ऐका. मोबाइलच्या साध्या डॉंगलवर गाणं तितकंच गोड लागलं, तर पैसे वाचले असं समजा आणि त्यातून एक बरा स्पीकर घ्या. तो घरात सगळ्यांना ऐकू येईल.