साडेवीस

२००४ च्या ऑगस्टमध्ये मी नोकरीसाठी पिट्सबर्गला आलो आणि शहराच्या पूर्वेकडच्या पेन हिल्समध्ये वरच्या मजल्यावरची जागा भाड्याने घेतली. कारण एवढंच, की तिथल्या टेकडीवर वेंकटेश्वराचं देऊळ आहे आणि देवळात दहीभात मिळतो. खालच्या मजल्यावर घरमालक राहत. मोनोंगहेला नदीकाठच्या पोलाद कारखान्यांच्या एका गावात त्यांनी तीस वर्षं शाळेतल्या पोरांना अमेरिकन फुटबॉल शिकवला होता, त्यातही फक्त बचावाची पुढची फळी. सगळे त्यांना कोच म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. दहीभातासाठी घेतलेल्या त्या जागेने मला जे दिलं, त्याचा हिशेब आज वीस वर्षांनीही माझ्याकडून पुरा होत नाही.

मी पुण्याहून संख्याशास्त्र शिकून आलेला. तक्ता दिसला की उतरत्या क्रमाने लावायचा, ही सवय. पहिल्याच सोमवारी वर्तमानपत्र घेऊन मी खाली गेलो आणि म्हटलं, "कोच, इथे छापायला चुकलंय. साडेतीन सॅक? अर्धा माणूस कसा पाडतात?" ते खोकला येईपर्यंत हसले. मग समजावलं. क्वार्टरबॅकने चेंडू फेकायच्या आत त्याला त्याच्याच फळीमागे लोळवला की तो सॅक. दोघांनी मिळून लोळवला तर दोघांच्या नावावर अर्धा-अर्धा. माझं समाधान झालं. चला, मोजायला काहीतरी मिळालं!

महिनाभरात मी बचावफळीतल्या खेळाडूंची क्रमवारी लावून मोकळा झालो होतो. पुढच्या मोसमात एका रविवारी मी कोचना ऐकवलं, की आपल्या पिट्सबर्ग स्टीलर्सचा ९८ नंबरचा केसी हॅम्प्टन फुकटचा पगार घेतोय. मधोमध उभा राहतो, दोघांच्या खाली दबून पडतो, नावावर सॅक जवळजवळ नाहीत. कोच काही बोलले नाहीत. उठले, आतून पिवळ्या कागदांचं एक पॅड आणलं आणि त्यावर तीन रकाने आखले. अंगावर किती जण आले. मागे सरकला का. त्यामुळे मोकळं कोण झालं. "चेंडू सुटला की पहिले दोन सेकंद चेंडूकडे बघायचं नाही," ते म्हणाले. "फक्त अठ्ठ्याण्णवकडे."

वाचताना सोपं वाटतं. मला पहिले तीन रविवार जमलं नाही. डोळे आपोआप चेंडूमागे पळायचे. शाळेत असताना कबड्डीच्या सामन्यांत मी गुणफलक लिहायला बसायचो, तेव्हाही हेच करत असलो पाहिजे. डाव्या कोपऱ्याने घोटा धरून ठेवलेला असायचा आणि मी लिहायचो मागून येऊन अंगावर पडलेल्याचं नाव.

नोव्हेंबरपर्यंत पॅडची वीसेक पानं भरली. हॅम्प्टनच्या ओळीत पहिल्या रकान्यात बहुतेक वेळा २, दुसऱ्यात 'नाही', आणि तिसऱ्यात दर वेळी वेगळं नाव, कधी फॅरियर, कधी फूट. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात हीच नावं मोठ्या अक्षरांत असत. समोरच्या संघाचे सेंटर आणि गार्ड असे दोन धिप्पाड गडी हॅम्प्टन एकटा अडकवून ठेवायचा, म्हणून फॅरियर-फूटसारखे मागचे लाइनबॅकर अंगाला हात न लागता धावायचे. त्या फेब्रुवारीत, २००६ मध्ये, स्टीलर्सनी सिअॅटलला २१-१० हरवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. मी त्या रात्री कोचसमोर माझा शब्द मागे घेतला. त्यांनी मान हलवली आणि चिप्सचा वाडगा पुढे सरकवला.

एकदा त्यांनी मला मागच्या अंगणात, बर्फात, एक हात जमिनीला टेकवून ओणवं उभं केलं. वय बाहत्तर. गुडघे वाकवून माझ्या छातीच्या खाली गेले, काखेखाली तळहात लावला आणि वर रेटलं. मी उताणा. "खाली असतो तो जिंकतो," एवढंच म्हणाले. आपल्याकडे तालमीतल्या कुठल्याही वस्तादाला हे सांगावं लागत नाही. मला मात्र पेन हिल्सच्या बर्फात पडून कळलं.

आता जे लिहायचं, ते मी बरीच वर्षं टाळलं.

२००८ च्या अखेरीस मंदी होती आणि मी नुकताच आमच्या गटाचा प्रमुख झालो होतो. नऊपैकी एकाला कमी करायचं ठरलं. नाव मी द्यायचं होतं. मी प्रत्येकाने वर्षात निकाली काढलेल्या तक्रारींचा तक्ता केला, उतरता लावला आणि सगळ्यात खालचं नाव दिलं. त्या बाई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या होत्या. त्या गेल्यावर दोन महिन्यांत बाकीच्या आठ जणांचे आकडे घसरले. मग कळलं, की अडलेलं काम घेऊन प्रत्येक जण त्यांच्याच टेबलाशी जायचा. त्या हातातलं टाकून त्याच्याशेजारी बसायच्या, आणि काम निघालं की ते त्याच्या नावावर लागायचं. तीन वर्षं मी रविवारी रकाने भरत होतो आणि सोमवारी कचेरीत जाऊन सॅक मोजत होतो.

कोचना हे सांगायला मला जवळजवळ वर्ष लागलं. ते रागावले नाहीत. "तिला फोन केलास का?" विचारलं. केला नव्हता. मग केला. त्या बाईंना दुसरीकडे काम मिळालं होतं. दोन मिनिटं सभ्यपणे बोलल्या, माझी माफी ऐकून घेतली आणि ठेवला. मी पुन्हा कधी नुसत्या तक्त्यावरून नाव दिलं नाही, पण त्याने त्यांचं झालेलं नुकसान भरून निघत नाही.

२०१३ मध्ये कोच मला पिट विद्यापीठाचे सामने बघायला नेऊ लागले. पेन हिल्सच्याच शाळेतून आलेला एक मुलगा मधल्या जागेवर खेळत होता, अॅरन डोनल्ड. उंची सहा फूट एक इंच. या जागेसाठी जाणकारांना ती कमी वाटत होती. कोच म्हणाले, "त्याला खाली जायला वाकावं लागत नाही." मला अंगणातला बर्फ आठवला. लीगच्या २०१४ च्या खेळाडू-निवडीत बारा जणांची नावं पुकारून झाल्यावर रॅम्स संघाने त्याला घेतला.

मग आमचा जुना वाद नव्याने सुरू झाला. ह्यूस्टनचा जे. जे. वॉट थोर की डोनल्ड? वॉटने २०१२ आणि २०१४ अशा दोन मोसमांत प्रत्येकी साडेवीस सॅक केले होते. डोनल्डने २०१८ मध्ये नेमके तेवढेच केले. वर्षातला सर्वोत्तम बचावपटू म्हणून दोघांचाही गौरव तीन-तीनदा झाला. तक्त्यात दोघे शेजारीशेजारी. पण कोचच्या मते या दोन साडेविसांचं वजन वेगळं होतं. वॉट बहुतेक कडेने येई. कडेने कुणी आला तर क्वार्टरबॅक दोन पावलं पुढे सरकून निसटू शकतो. डोनल्ड समोरून, मधून येई, जिथे दोघं-तिघं अंगावर घेणं रोजचंच. आणि तो फळी फोडून आला की क्वार्टरबॅकला पुढे सरकायला जागाच नसते. मी वॉटची बाजू घ्यायचो. तो आत येऊनही खेळायचा, शिवाय फेकलेला चेंडू हवेतच थापटून पाडायचा, त्याला सॅक म्हणत नाहीत पण डाव तर तिथेच संपतो. कोचना हे मान्य होतं. एका मोसमासाठी वॉट, दहा वर्षांसाठी डोनल्ड, इथवर आम्ही आलो. माझं मत आजही तेच आहे.

कोचचा खरा देव मात्र जो ग्रीन. १९६९ साली ग्रीन आला, त्या मोसमात स्टीलर्स चौदापैकी तेरा सामने हरले. तो असतानाच पुढे चार सुपर बोल आले. सेंटर आणि गार्डच्या फटीत तो तिरका उभा राहायचा. १९८१ नंतर तो निवृत्त झाला आणि सॅकची अधिकृत मोजणी सुरू झाली १९८२ पासून. म्हणजे लीगच्या अधिकृत खात्यात ग्रीनच्या नावावर एकही सॅक नाही. मी आकड्यांवरून फार बोलू लागलो की कोच एवढंच विचारायचे, "जोचे किती?"

२०२२ च्या फेब्रुवारीतला सुपर बोल आम्ही वृद्धाश्रमातल्या त्यांच्या खोलीत पाहिला. हात थरथरत होते, म्हणून पॅड माझ्या मांडीवर. रॅम्स २३, सिनसिनाटी २०, मिनिटभरही उरलेलं नाही. चारपैकी तिसऱ्या प्रयत्नात सिनसिनाटीला एक यार्ड हवा होता. डोनल्डने धावणाऱ्याला धरून ठेवला. चौथ्या प्रयत्नात तो मधून घुसला आणि क्वार्टरबॅक जो बरोला कमरेला धरून गरकन फिरवलं. पडता पडता बरोने चेंडू कसाबसा फेकला, तो कुणाच्या हाती लागला नाही, आणि सामना तिथेच संपला. सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस चेंडू झेलणाऱ्या कूपर कपला मिळालं. कोचनी माझ्याकडे हात पुढे केला, पेन घेतलं आणि शेवटच्या ओळीत काहीतरी लिहिलं. अक्षर लागत नव्हतं, मी विचारलंही नाही. पुढच्या वर्षी ते गेले.

डोनल्ड २०२४ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर १११ सॅक होते, वॉटच्या नावावर एकशे साडेचौदा. बरोला फिरवलेला तो डाव सॅकच्या कुठल्याच खात्यात नाही. चेंडू हातातून सुटला होता, म्हणून नोंद 'अपूर्ण पास' अशी आहे.