कपाशीच्या रानातली इंग्रजी

अमळनेरहून धुळ्याच्या एसटीत बसले, की काळी रानं लागतात. खरिपात जिकडे पाहावे तिकडे कपाशी. अशाच एका गावात मी पहिलीला शिकवत होतो.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीलाच इंग्रजी आली. त्याआधी ती पाचवीत भेटायची. आमचे पोर घरी अहिराणी बोलते. पुस्तकातली मराठीच त्याला अर्धी परकी, त्यात ही तिसरी! दक्षिण कोरियात 1997 पासून शाळेत इंग्रजी तिसरीपासून शिकवतात. तिथे घरची भाषा हीच शाळेची, आणि ती दोन वर्षे पक्की झाल्यावर इंग्रजी. आमच्याकडे एवढी सवड कुठली?

चित्रातले सफरचंद दाखवून ‘ॲपल’ म्हणवले, की वर्ग सुरात ओरडे. एक मुलगी मात्र गप्प. जूनपासून दिवाळीपर्यंत तिने तोंड उघडले नाही. मी तिला मंद समजून सोडून दिले होते.

दिवाळीनंतर एकदा वाटेतले फुटलेले बोंड घेऊन गेलो. विचारले, “हाई काय शे?”

ती ताडकन उठली. “कापूस! आमना वावरमा शे!”

“इंग्रजीत कॉटन.”

“कॉटन,” ती म्हणाली. अगदी स्पष्ट. मग थोडे थांबून, “गुरुजी, वेचनीले काय म्हनतस?”

मला पटकन सुचेना. उद्या सांगतो म्हटले. रात्री शब्दकोश उघडून ‘पिकिंग’ काढून ठेवले.

सकाळी हजेरी घेतली. वर्ग निम्मा रिकामा. ती मायबरोबर वेचणीला गेली होती.